मागच्या खोलीसाठी बत्तीस इंच

बसवकल्याणच्या तहसील कचेरीतून प्रथम दर्जा सहायक म्हणून निवृत्त झालेल्या तात्यारावांच्या घरात मागच्या खोलीत टीव्ही नाही, ही बाब एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निदर्शनास आली. त्यापूर्वी ती कुणाच्या निदर्शनास येण्याचं कारण नव्हतं. त्या खोलीत ज्वारीची दोन पोती, एक मोडका पंखा आणि लग्नकार्यात आलेली न उघडलेली भांडी होती, आणि त्यांपैकी कोणीही टीव्हीची मागणी केलेली नव्हती.

मार्चमध्ये तात्यारावांची आई सोजराबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. बीदरला ऑपरेशन झालं आणि ते चांगलं झालं. त्या घरी आल्या तेव्हा समोरच्या बैठकीत त्यांच्या खाटेच्या जागी नवा सोफा होता. सोफा आणि खाट यांपैकी एकच तिथं मावत होतं. म्हणून ‘आईला शांतता मिळावी’ या कारणास्तव खाट मागच्या खोलीत हलवण्यात आली. शांतता सोजराबाईंनी मागितली नव्हती. परंतु सोय करताना लाभार्थ्याला विचारण्याची पद्धत कचेरीतही नव्हती.

सोजराबाई एक्याऐंशी वर्षांच्या. बैठकीतल्या खाटेवरून त्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला “कोन गावचे तुमी? कुनाचे?” असं विचारत, आणि मग तो माणूस आळंदचा असो की भालकीचा, अर्ध्या तासात त्याच्याशी काहीतरी नातं काढत. मागच्या खोलीत दिसायला समोर एक भिंत होती. पाच दिवस भिंत पाहून सहाव्या दिवशी त्यांनी मुलाला हाक मारली.

“तात्या, मला हितं करमंना रं.”

चौतीस वर्षं अर्ज वाचलेल्या माणसाला कोणत्याही वाक्यातून नेमकी मागणी वेगळी काढता येते. तात्यारावांनी रात्री जेवताना घरच्यांना सांगितलं, “आईनं करमणुकीच्या साधनाची मागणी केलीय.”

“म्हंजे टीव्ही,” त्यांचा मुलगा धम्मानंद म्हणाला. तो हुमनाबादला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे.

“मागच्या खोलीला लहानच लागंल,” सून प्रियंका म्हणाली. ती शाळेत गणित शिकवत असे.

“उद्या बाजारात जावा आन् घेऊन या,” तात्यारावांच्या पत्नी शोभाबाई म्हणाल्या. त्या काहीच शिकवत नसत, म्हणून त्यांचं म्हणणं नोंदवून घेण्यात आलं नाही.

तात्यारावांचं मत असं की वस्तू आणणं सोपं असतं, ती का आणली याचं उत्तर देणं अवघड असतं. त्यांच्या कारकिर्दीत एका खुर्चीवरून दोन चौकश्या झाल्या होत्या. तेव्हा रीतसर निवड समिती नेमली गेली. अध्यक्ष तात्याराव, तांत्रिक सदस्य धम्मानंद, सदस्य प्रियंका, आणि चहापुरत्या कायम निमंत्रित शोभाबाई. सोजराबाईंना समितीत घेता आलं नाही, कारण टीव्ही त्याच बघणार होत्या आणि त्यामुळे निःपक्षपातीपणाला बाधा आली असती.

पहिली बैठक रविवारी सकाळी दहा वाजता मागच्या खोलीतच झाली, कारण स्थळपाहणी आवश्यक होती. उशी ते भिंत अंतर टेपनं मोजलं. ते नऊ फूट दोन इंच भरलं. सोजराबाई उठून बसल्या की ते आठ फुटांवर येई, म्हणून त्यांना तीनदा झोपवून आणि तीनदा उठवून सरासरी काढण्यात आली. धम्मानंदानं सूत्र मांडून त्रेचाळीस इंचांची शिफारस केली. प्रियंकाचं म्हणणं, मागच्या खोलीला चोवीस इंच पुष्कळ. दोन्हींची बेरीज करून भागाकार केला तर साडेतेहतीस येत होते आणि तसा टीव्ही निघत नसे. बत्तीस इंचांवर एकमत व्हायला पावणेदोन तास गेले.

“फुल एचडी पायजे,” धम्मानंद म्हणाला. “आजीच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. चित्र कसं स्वच्छ पायजे.”

“एकाच डोळ्यानं दिसतंय तर फुल कशाला?” प्रियंका म्हणाली. “एचडी रेडी घ्या. अर्ध्यात भागतंय.”

“रेडी म्हंजे?” सोजराबाईंनी विचारलं.

“रेडी म्हंजे मंजूर झालंय, आदेश निघाला न्हाई,” तात्यारावांनी समजावलं. सोजराबाई खळखळून हसल्या. त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच. इतिवृत्तात ‘लाभार्थी प्रकल्पाबाबत उत्साही’ अशी नोंद झाली.

नियमाप्रमाणे तीन दुकानांची दरपत्रकं हवी होती. तात्याराव प्रथम गावातल्या अमृतप्पांच्या दुकानात गेले. अमृतप्पांनी खोका काढून टेबलावर ठेवला.

“सर, बत्तीस इंच ह्यो एकच हाय. घेऊन जावा, संध्याकाळी मानूस येऊन भिंतीला लावतो.”

“तांत्रिक तपशील लेखी द्या.”

“तपशील म्हंजे काय सर? चालू केला की दिसतंय, बंद केला की दिसत न्हाई.”

“आणि बिघडला तर?”

“तर चालू केला तरी दिसत न्हाई. मग मी येतो.”

ही माहिती अपुरी असल्याने दरपत्रक बाद करण्यात आलं. हुमनाबाद आणि बीदरच्या दुकानदारांनी लेखी तपशील दिले, पण ते एकमेकांशी तंतोतंत जुळत होते, यावरून संगनमताचा संशय आला. समितीनं ऑनलाइन खरेदीचा मार्ग स्वीकारला.

ऑनलाइन बत्तीस इंचांचे एकशे अठरा टीव्ही होते. तात्यारावांनी मोठी वही घेतली आणि ग्राहकांचे अभिप्राय उतरून काढायला बसले. एकानं पाच तारे देऊन लिहिलं होतं, ‘पॅकिंग फार मजबूत, अजून उघडलं नाही.’ इंदूरच्या एकानं एक तारा देऊन लिहिलं होतं, ‘टीव्ही उत्तम आहे, पण मेहुण्यानंही हाच घेतला.’ आक्षेप आला की त्याचा निपटारा केल्याशिवाय नस्ती पुढे सरकत नाही, हे तात्यारावांच्या रक्तात भिनलेलं. त्यांनी इंदूरच्या त्या गृहस्थाकडून मेहुण्याबाबत खुलासा मागवला. घरच्यांनी जेवायला बोलावलं तर तात्याराव म्हणत, “थांबा, अजून चारशे तक्रारी हायत.”

दर रविवारी समिती मागच्या खोलीत जमे. दर वेळी एक मॉडेल जवळपास ठरे आणि पुढच्या रविवारपर्यंत कंपनी त्याच्या जागी नवं मॉडेल आणे, त्यामुळे तुलनात्मक तक्ता पुन्हा पहिल्या रकान्यापासून भरावा लागे. मे गेला. जूनमध्ये, दसऱ्याला मोठा सेल लागतो असं धम्मानंदानं सांगितलं. “मग त्याच्या आधी घेणं म्हंजे निष्काळजीपणा ठरंल,” तात्याराव म्हणाले, आणि तयारीच्या बैठका चालू ठेवण्याचा ठराव झाला.

या काळात सोजराबाईंच्या तब्येतीत सुधारणा झाली. पाय हलवायला शिकवणारे डॉक्टर चकित झाले. रविवारी त्या सकाळीच वेणी घालून, धुतलेलं पांढरं लुगडं नेसून, पाठीला उशी लावून बसत. सगळ्यांना पोहे मिळाले का ते बघत. चहा संपून धम्मानंद उठायला लागला की नेमकं त्याच वेळी विचारत, “बाळा, त्यो क्यूएलईडी म्हनलास, त्यो काय असतंय रं?” धम्मानंद परत बसे. त्याचं संपत आलं की त्या प्रियंकाकडे वळत. “आन् पोरी, पिक्सेल किती म्हनलीस? मागल्या टायमाला येगळं सांगितलीस बग.” प्रियंका वही उघडे. त्यातून शाळेच्या गोष्टी निघत, मग तिच्या मुख्याध्यापिकेचा विषय निघे, आणि सोजराबाई त्या बाईंचं माहेर नेमकं कोणतं ते सांगत. एका बैठकीत तर टीव्हीचा विषयच निघाला नाही. ती बैठक कोरमअभावी तहकूब झाल्याचं इतिवृत्तात दाखवावं लागलं, कारण दुसरं कोणतंही कारण नियमात बसत नव्हतं.

अखेर दसऱ्याच्या आधी सेल लागला आणि अध्यक्षांच्या हस्ते फोनवर बोट टेकवण्यात आलं. चौथ्या दिवशी खोका आला. कंपनीचा माणूस येऊन टीव्ही भिंतीला लावून गेला.

टीव्ही हुशार असल्याने चालू होण्यापूर्वी त्याला पुष्कळ विचारायचं होतं. त्यानं बघणाऱ्याचा ई-मेल विचारला. जन्मतारीख विचारली. सोजराबाईंची खरी तारीख कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून आधार कार्डावरची एक जानेवारी घातली. त्यानं अटी मान्य आहेत का विचारलं. त्या इंग्रजीत होत्या. तात्यारावांनी पट्टी धरून ओळ न् ओळ वाचली, त्यात दोन संध्याकाळी गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी न वाचणारे जे दाबतात तेच त्यांनी दाबलं.

रिमोटमध्ये बोलून हुकूम द्यायची सोय होती. “आजी, काय बगायचं ते तोंडानं सांग,” धम्मानंदानं बटण दाबून रिमोट पुढे धरला.

सोजराबाई पदर सावरून बसल्या. “ए अण्णा, बातम्या लाव की स्वल्प, आवाज बेस रख, म्हातारी हाय मी.”

टीव्हीला मराठी, कानडी आणि हिंदी तिन्ही येत होत्या. पण एका वाक्यात तिन्ही बोलणारं माणूस त्याच्या कंपनीला भेटलेलं नव्हतं. थोडा विचार करून त्यानं व्यायामाचा कार्यक्रम लावला. धम्मानंदानं बातम्या लावून दिल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उद्दिष्ट साध्य झाल्याने समिती आभाराच्या ठरावासह विसर्जित झाली.

बातम्यांचा आवाज बैठकीपर्यंत येऊ लागला म्हणून जाता जाता प्रियंकानं दार ओढून घेतलं.

पुढच्या रविवारी दहा वाजता सोजराबाई लुगडं नेसून, वेणी घालून बसल्या होत्या. साडेदहा झाले. अकरा झाले. शोभाबाई पोह्यांची बशी ठेवून गेल्या. बैठकीत सोफ्यावर बाकीचे पोहे खात होते. टीव्हीवर एक माणूस दुसऱ्या माणसावर ओरडत होता.

आठव्या दिवशी सोजराबाईंनी तात्यारावांना बोलावलं.

“तात्या, ह्यो परत कर.”

“कामून? बिघडला का?”

“न्हाई बिघडला. पर खोट हाय त्यात.”

माल दहा दिवसांत परत करता येत होता. तात्यारावांनी फोनवर अर्ज उघडला. परतीचं कारण निवडायचं होतं. वस्तू फुटकी आहे, चुकीची वस्तू आली, रंग वेगळा आहे, इतर.

“काय खोट हाय, नीट सांग. लिहावं लागतंय.”

सोजराबाईंनी टीव्हीकडे पाहिलं. “सकाळपासून त्यो एकटाच बोलायलाय. मला काईच इचारत न्हाई.”

तात्यारावांचं बोट फोनवर तसंच राहिलं. चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावर अनेक अर्ज आले होते, पण ज्याचा निकाल चुकीच्या शाखेनं दिला असा अर्ज इतक्या जवळून त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी ‘इतर’ दाबलं.

समितीचं पुनर्गठन झालं. सोजराबाईंना कायम निमंत्रित करण्यात आलं. दुसरा टीव्ही पाच आठवड्यांनी आला आणि ‘काळा रंग लईच काळा’ म्हणून नवव्या दिवशी परत गेला. तिसऱ्याच्या वेळी कंपनीनं कळवलं की या ग्राहकाचं वर्तन संशयास्पद असून यापुढे त्याचा कोणताही माल परत घेतला जाणार नाही. तिसरा टीव्ही राहिला. समिती कायमची बरखास्त झाली.

खाट पुन्हा बैठकीत आणावी, असं तात्यारावांनी एकदा जेवताना सुचवलं. सोफा कुठं ठेवायचा, या मुद्द्यावर तो विषय थांबला आणि अजून तिथंच आहे. मग तात्यारावांनी स्वतःच्या अधिकारात एक पद निर्माण केलं, देखरेख अधिकारी, मागची खोली. रोज संध्याकाळी पाच ते सात ते आईच्या खाटेजवळ खुर्ची टाकून बसू लागले. नुसतं बसायला त्यांना अवघड वाटे, म्हणून हातात वॉरंटीचं कार्ड असे.

पहिल्या दिवशी सोजराबाईंनी विचारलं, “टीव्ही तर बंद हाय. मग बसलास कामून रं?”

“बिघडतोय का काय, बगायलोय.”

“बग बाबा,” त्या म्हणाल्या आणि मुलासाठी उशी सरकवली. “नीट बग. घाई न्हाई.”

तीन टीव्ही तपासून घेतलेला माणूस म्हणून तात्यारावांचं नाव गावात झालं. मादन हिप्परग्यापासून बीदरपर्यंत ओळखीचे लोक फोन करू लागले. कुणाची आई मागच्या खोलीत होती, कुणाचे वडील माडीवर, कुणाची विधवा आत्या गोठ्याशेजारच्या नव्या खोलीत. कोणता टीव्ही घ्यावा, असं ते विचारत. तात्याराव प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगत. रविवारच्या बैठका सांगत, आईचं हसणं सांगत, आईनं सांगितलेली खोट सांगत, आणि शेवटी म्हणत, “टीव्ही कोन्ताबी घ्या, पर जाऊन बसा.”

पलीकडचा माणूस मन लावून ऐके. “व्हय व्हय,” म्हणे. “खरं हाय सर, डोळ्यात पानी आलं.” मग जरा थांबून हळूच विचारी, “पर सर, दार लावल्यावर आवाज भायेर येतोय का?”

आतापर्यंत एकोणचाळीस फोन आले. अडतीस जणांनी हेच विचारलं, आणि एकाचा फोन मध्येच कट झाला. वाचकांपैकीही कुणी हे विचारण्याच्या बेतात असतील, तर त्यांच्या माहितीसाठी उत्तर इथंच नमूद करतो. येत नाही. दार नीट लावलं, तर आतलं काहीच बाहेर ऐकू येत नाही.