न आलेली गाडी

जयवंत राऊतने मला सात वर्षं फसवलं. आडून नाही, तोंडावर. रोज सकाळी, भर उजेडात, आणि वर पाण्याचा पेला पुढे करून. हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्याच्याविषयी माझ्याकडून दोन बरे शब्द लिहिले गेले, तर मी ते विसरलो असं कुणी समजू नये.

मी चिकूचा व्यापारी. दुसऱ्यांच्या वाड्यांतून डोक्यावर करंड्या वाहत या धंद्यात आलो. आज माझी स्वतःची वखार आहे, दोन टेम्पो आहेत. मला फसवायला वापीपासून दिल्लीपर्यंतचे दलाल येऊन गेले आणि चहा पिऊन परत गेले. वर मोठा माल आणि तळाशी गोट्यांएवढी फळं भरलेली करंडी मी लांबून ओळखतो. आणि राऊत कोण? रेल्वेचा फाटकवाला. चिखले गावच्या वाड्यांतून माल घेऊन हायवेकडे निघालं की रूळ आडवे येतात. तिथे त्याचं फाटक होतं.

आता तो रिटायर होऊन डहाणूजवळ आगर गावात राहतो. त्याच्या घराला दार आहे, पण दाराच्या आधी अंगणात एक बांबू आडवा टाकलेला आहे. लाल-पांढरे पट्टे रंगवलेला. एका टोकाला दोरी, दुसऱ्या टोकाला वजनासाठी दगड. येणाऱ्याने बांबूशी थांबायचं. राऊत ओटीवरून त्याला नीट न्याहाळतो आणि मगच दोरी ओढतो.

"थांबा. इंजिन थंड होऊ द्या."

"राऊत, मी चालत आलोय."

"तेच म्हणतो."

गॅसवाला थांबतो, लाइटबिलवाला थांबतो. शेजारची मासेवाली तांडेलकाकू मात्र टोपली घेऊन तरातरा येते आणि त्याची सालटी काढते. "अरे मेल्या, उघड ते! माझे बोंबील काय मालगाडी आहेत, बाजूला काढून उभे करायला?"

"काकू, आवाज चढलाय. सुनेशी वाजलं?"

काकू टोपली खाली ठेवते आणि सुनेचं सगळं सांगते. बोंबील तसेच राहतात.

ही त्याची जुनीच खोड. फाटकावर होता तेव्हा तो हॉर्नवरून माणूस ओळखायचा. टेम्पो उभा करून मी हॉर्नवर हात ठेवला की केबिनमधून सावकाश बाहेर यायचा आणि डॉक्टरने जीभ बघावी तसा माझ्याकडे बघायचा. "शेठ, आज हॉर्न उपाशी आहे. सकाळी काही खाल्लं नाही." खरंच खाल्लेलं नसायचं. एका मास्तरांच्या स्कूटरला तो म्हणाला होता, "हा हॉर्न रात्री झोपलेला नाही." मास्तर तिथेच जांभई देऊ लागले.

मालगाडी आली की तो सगळ्यांना डबे मोजायला लावायचा. "एका डब्याला एक श्वास. घाई नाही. चुकलात तर पुढच्या गाडीला पहिल्यापासून." मी कशाला मोजतोय? मी फोनवर असायचो. सुरतचा दलाल भाव पाडत असायचा आणि मी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करत असायचो. कानशिलं तापायची, मानेची शीर ताठ व्हायची. गाडी धडधडत निघून जायची, तरी फाटक खालीच.

"राऊत, उघड!"

"अजून एक बाकी आहे, शेठ."

"कुठली?"

"वरून, गुजरातकडून येतेय. तोवर पाणी घ्या. आणि मला एक सांगा, त्या कोपऱ्यातल्या वाडीत यंदा बहार उशिरा का?"

आता चिकूबद्दल कुणी विचारलं की मला राहवत नाही. मी फोन ठेवायचो आणि सांगू लागायचो. फूल, गळ, हवा, वटवाघळं. राऊत मान हलवत ऐकायचा. दोन-तीन मिनिटांनी केबिनमध्ये जाऊन यायचा आणि हँडल फिरवत म्हणायचा, "ती घोलवड स्टेशनातच थांबवली, शेठ. जावा आता."

मी रेल्वेला शिव्या द्यायचो आणि जायचो. सात वर्षांत घोलवडला किती गाड्या थांबवल्या, याची मला एकदाही शंका आली नाही. हे मी कबूल करतो, पण यापलीकडे काही कबूल करणार नाही.

मग उड्डाणपूल झाला. फाटक कायमचं बंद झालं आणि त्याच सुमारास राऊतही रिटायर झाला. आम्ही सगळे खूश. पुलावरून टेम्पो सुसाट जातो, थांबायचं काम नाही. तर वर्षाच्या आत मला वखारीत चक्कर आली. करंड्यांच्या थप्पीवरच बसलो. डहाणूतल्या डॉक्टरने हाताला पट्टा बांधला, हवा भरली आणि भुवया वर केल्या.

"शेठ, हे असंच चाललं तर एक दिवस चिडलेलेच राहाल. कायमचे."

मी घाबरलो. घाबरलो की मी घासाघीस करतो. "गोळ्या दोन कशाला, एक करा."

"दोनच."

"पापड?"

"बंद."

"चिडायचं किती? आठवड्याला तीनदा चालेल?"

"चिडणं बंद नाही होत कुणाचं," डॉक्टर म्हणाला. "पण चिडल्यावर शरीराला वाटतं, वाघ आलाय. छाती धडधडते, नसा आवळतात. वाघ गेला की ते सैल पडायला हवं. तुमचा वाघ जातच नाही. एक गेला की तुम्ही दुसऱ्याला फोन लावता. पूर्वी असं नव्हतं, तुमचे जुने आकडे बरे आहेत. मधे काय बदललं?"

"काहीच नाही. उलट पूल झाला. वेळ वाचतो."

"वाचलेल्या वेळात काय करता?"

मी खरं तेच सांगितलं. "ओरडतो."

त्याने रोजचं चालणं लिहून दिलं, पुरेशी झोप लिहून दिली. आणि दिवसातून दोनदा फोन बाजूला ठेवून सावकाश श्वास मोजायला सांगितलं. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, हे तर आमचा फाटकवाला फुकट सांगायचा."

त्यानंतर महिन्याभरात तलासरीला एका लग्नाला गेलो. मुलीचा बाप दुमाडा, राऊतच्याच फाटकावर दुसऱ्या पाळीला असायचा. जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसला आणि मी पानात मीठ वाढू दिलं नाही ते बघून हसला.

"शेठ, बीपी? राऊतदादा होता तोवर नव्हतं ना?"

"त्याचा काय संबंध?"

"काय म्हणजे? तुमच्यासाठी तो फाटक उशिरा उघडायचा."

माझा घास हातातच राहिला.

"गाडीबिडी काही बाकी नसायची," दुमाडा वरण ओढत म्हणाला. "तुमचा चेहरा लाल असला की दादा थांबवायचा. उतरला की सोडायचा. मी म्हणायचो, दादा, साहेबाला कळलं तर नोकरी जाईल. तर म्हणायचा, गाडीला उशीर होत नाही ना? मग झालं. शाळेची रिक्षा असली, पेशंट असला, तर लगेच उघडायचा हां. तुमच्यासारखे चार-पाच जण होते. तुम्ही सगळ्यात जास्त लाल."

मी हात धुतले आणि तडक आगर गाठलं. ताजा माल घेऊन उन्हात उभा राहिलेलो मी! न आलेल्या गाडीसाठी! तसाच बांबूपाशी पोचलो.

राऊतने ओटीवरून बघितलं. "तलासरीच्या लग्नाहून आलात," तो म्हणाला. "दुमाडा बोलला."

"उघड."

"नाही उघडणार. असा आत आलात तर पडाल."

मी बांबू लाथेने उडवला. दगड अंगणात गडगडला. तांडेलकाकू कुंपणावरून ओरडली, "बरं झालं, कुणीतरी मोडला!" मी ओटीवर चढलो आणि जे बोलायचं ते बोललो. मराठी संपली तेव्हा गुजराती काढली. राऊत ऐकत होता. माझा दम सरल्यावर म्हणाला, "बसा. सांगतो."

सांगितलं ते इतकंच. माझ्याही आधी एकदा एक पांढरी जीप फाटकावर उभी होती. आत एक माणूस, माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच तांबडा. राऊतला नाही नाही ते बोलत होता. गाडी गेल्याबरोबर राऊतने फाटक उघडलं. मनात म्हणाला, जा एकदाचा, ब्याद टळली. जीप पहिल्या वळणापर्यंत गेली आणि ताडाच्या झाडाला टेकून थांबली. जोरात आपटली नाही, नुसती टेकली. माणूस स्टिअरिंगवर. छातीत कळ येऊन गेला होता.

"मीच उचलला," राऊत म्हणाला. "हलका होता. दोन मिनिटं ठेवला असता तर कदाचित फाटकावरच कळ आली असती. चार माणसं होती, दवाखान्यात नेला असता. किंवा आलीच नसती. काय सांगावं? पण मी म्हणालो ना, जा एकदाचा."

सौदा करणाऱ्या माणसाचं एक असतं. समोरचा ज्या मालावर बोलत नाही, तिकडेच आपलं लक्ष जातं. इतका वेळ तो माझ्याबद्दल बोलला, त्या जीपवाल्याबद्दल बोलला. मी विचारलं, "तुझं बीपी किती?"

"माझं काय! मी थंड माणूस. तीस वर्षांत कुणाला अरे म्हटलं नाही."

"मोजलंयस कधी?"

"मी मजेत आहे, शेठ."

'मजेत' हा शब्द दलाल करंडीचा तळ दाखवायचा नसला की वापरतात. मी म्हटलं, "हे बघ. मी रोज गोळ्या घेईन, पापड सोडीन, सकाळी अर्धा तास चालीन. बदल्यात तू उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं."

"गोळ्या तर तुम्ही तशाही घ्यायला हव्यात."

"घेत नाहीये. तीन दिवस झाले. आता बोल."

तो आला. नवा शर्ट घालून आला, जणू साहेबांची तपासणी आहे. डॉक्टरने पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. मग दुसरा हात घेतला. माझ्या वेळी दुसरा हात घेतला नव्हता. राऊतचं माझ्याहून पुष्कळ जास्त निघालं.

"हे शक्य नाही," मी म्हटलं. "हा ओरडतच नाही."

"ओरडतो त्याचं दिसतं," डॉक्टर म्हणाला. "गिळतो त्याचं दिसत नाही, एवढाच फरक. काका, झोप कशी आहे?"

झोप. आता ऐका. याला दोन-दोन तासांनी जाग येते. फाटकाचा फोन वाजला असं वाटतं. उठून बसतो. फोन कुठे आहे ते शोधतो. मग आठवतं की फाटकच नाही. तीस वर्षं रोज त्याला एकच भीती होती, आपण खाली करायला विसरलो तर? विसरला कधीच नाही. भीती मात्र नोकरी संपली तरी घरी आली. नोकरीत असतानाही असाच दचकून उठायचा, तेव्हा बायको म्हणायची, "झोपा, केलंय तुम्ही बंद." ती जाऊन चार वर्षं झाली. मुलगी वलसाडला, दर रविवारी फोन करते. तिलाही हा सांगतो, मजेत.

आणि तो पांढऱ्या जीपचा माणूस? तो त्याने बायकोलासुद्धा सांगितला नव्हता. मी पहिला. तोही लाथ मारून आत शिरलो म्हणून.

डॉक्टरने गोळ्या लिहिल्या, मीठ तोडलं, संध्याकाळचा चहा तोडला. शेवटी कागदावर काही न लिहिता म्हणाला, "आणि रोज कुणाशी तरी बोला. दुसऱ्याचं ऐकायचं नाही. स्वतःचं बोलायचं." राऊत खाली बघून हसला. कुणी न जमणारं काम सांगावं तसा.

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. औषधांची पिशवी त्याच्या मांडीवर होती. मी म्हटलं, "बोल."

"काय बोलू?"

"काहीही. मी वाट बघतोय."

त्याने पिशवीची गाठ सोडली, परत मारली. मग म्हणाला, "फाटक बंद झालं त्या दिवशी सगळे पुलावर गेले, शेठ. पेढे वाटले. खाली कुणी आलं नाही." आणि लगेच, माझी समजूत काढल्यासारखं, "बरोबरच आहे. पूल चांगला आहे."

पेढे मीच आणले होते.

म्हणून ही तक्रार लिहिली. सात वर्षांच्या त्या खोट्या गाड्यांचं मी बघून घेईन, ते माझं आणि त्याचं. दुसरी फसवणूक मोठी आहे. हा माणूस आमच्या हॉर्नवरून आमची भूक ओळखत होता, झोप ओळखत होता, आणि स्वतः आतून असा फुटत असताना आम्हाला 'मजेत' म्हणत होता. सात वर्षं मी त्याच्यापुढे घसा फोडला. माझे दलाल, माझी भांडणं, माझ्या भावाने तोडलेले संबंध, सगळं त्याला पाठ आहे. त्यातल्या एका दिवशी, एका मिनिटापुरतं, त्याला असं वाटलं नाही की हा शेठ आपलंही ऐकेल?

का वाटलं नाही? माझ्यात काय कमी दिसलं? राऊत, हे वाचशील तेव्हा पाणीबिणी पुढे करू नकोस आणि चिकूचं काही विचारू नकोस. मला याचा जवाब पाहिजे.