चित्रातली बाई

न गाळलेल्या पाण्यातून होणाऱ्या नारू रोगाच्या चित्राला गावानं एकदा 'बरं हाय' म्हटलं की मधुसूदनची आरोग्य खात्यातली चित्रकाराची हंगामी नोकरी कायम होणार होती. "आधी लोकांना दाखवा, त्यांचं ऐका, मगच छापू," असा औरंगाबादच्या साहेबांचा हुकूम होता. हुकूम सोडणाऱ्याचं काय जातं!

फुलंब्रीजवळच्या एका वाडीत, बारवेच्या काठावर त्यानं चित्र उलगडलं. एक बाई फडक्यातून पाणी गाळत होती. दुसरी न गाळताच भरत होती आणि तिच्या पायातून नारूचा किडा लोंबत होता.

"ही नारूवाली मीच हाय!" आवडाबाई कडाडली. "माझंच हिरवं लुगडं, माझंच चपटं नाक! अन् गाळणारी माझी जाऊ दगडाबाई. काय चारलंस गं चित्रवाल्याला?"

"मावशी, तुम्हाला मी आजच बघतोय," मधुसूदन काकुळतीला आला.

"मंग वळख ना पाळख, अन् बदनामी करता व्हय?"

जावाजावांचं असं जुंपलं की वाडी दोन तटांत वाटली गेली. पुढच्या खेपेला त्या गरिबानं दोघी पाठमोऱ्या काढल्या.

"नवऱ्यांनी हाकललंय वाटतं," दगडाबाई म्हणाली. "लई रुसल्यात."

तिसऱ्या खेपेला साहेबच जीप घेऊन सोबत आले. मधुसूदननं या वेळी बायकाच काढून टाकल्या होत्या. उरलं होतं एक मडकं आणि त्यावर पांढरं फडकं. बघताच बायकांनी तोंडाला पदर लावले.

"कोण गेलं, साहेब?" दगडाबाईनं हळूच विचारलं.

संपलं सगळं. मधुसूदनच्या घशाला कोरड पडली. तो बारवेच्या पायऱ्या उतरला आणि पाण्याची ओंजळ तोंडाशी नेली.

"आरं ए! न गाळता पितो व्हय?" आवडाबाईनं धावत येऊन त्याचा हात हिसडला. "नारू निघंल पायातून!"

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. काठावरच्या एकूण एक घागरीला फडकं बांधलेलं होतं. चित्रातली कोण कोणती, या भांडणात वाडीतल्या एकाही बाईला नारूवाली व्हायचं नव्हतं, म्हणून सगळ्याच पाणी गाळू लागल्या होत्या.

"वा मधुसूदन! गाव तर आधीच शहाणं झालंय," साहेब खुशीत म्हणाले. "मग चित्र छापायचं कशाला? अन् चित्रच नाही, तर चित्रकार तरी कशाला ठेवायचा?"

आवडाबाईनं आपल्या घागरीतलं गाळलेलं पाणी मधुसूदनच्या ओंजळीत ओतलं. "प्या आता बिनघोर."

पाणी अगदी स्वच्छ होतं. ते काही केल्या त्याच्या घशाखाली उतरेना.