निळी दुपार, वीस मिनिटं उकळून

बटणची आई सातवीपर्यंत शिकली होती. आठवीत गेलो असतो तर आपण इतकी काळजी करत बसलो नसतो, असं तिला मनापासून वाटायचं. (आठवीच्या पुस्तकात काळजी कशी करू नये यावर एक धडा असणार, अशी तिची पक्की समजूत होती. ज्या बायका पुढे शिकल्या त्या किती निवांत दिसतात.)

बटण म्हणजे तिची सहा वर्षांची मुलगी. अंगावरच्या कुठल्याही कपड्याचं वरचं बटण आठवडाभराच्या वर टिकवायचं नाही, या नियमामुळे तिला हे नाव पडलं होतं. तिच्या पाठीवर आठ महिन्यांचं बाळ होतं. आणि या दोघांना जगातल्या यच्चयावत जंतूंपासून वाचवायचं काम आईने एकटीने अंगावर घेतलं होतं. बाळाची बाटली वीस मिनिटं उकळायची, चमचा वीस मिनिटं उकळायचा, खुळखुळा उकळायचा. खुळखुळा उकळून उकळून मुका झाला होता, पण स्वच्छ होता. बाहेर धूळ असते म्हणून घरातले सगळे कपडे स्वयंपाकघरात, शेगडीच्या वर आडवी दोरी बांधून वाळत. सासूबाई म्हणायच्या, या घरात मी एकटीच अजून कच्ची राहिले आहे.

सगळं सुरू झालं ते एका फॉर्मपासून.

बटणच्या वर्गात दर गुरुवारी ‘आईचा तास’ असायचा. एकेक आई यायची आणि आपल्याला येतं ते मुलांना शिकवायची. दातांची डॉक्टर असलेली एक आई पांढऱ्या प्लास्टरचा भलामोठा जबडा घेऊन आली होती. त्याचे बत्तीसच्या बत्तीस दात मुलांनी हाताने मोजले होते. बँकेतल्या आईने खोटी नोट कशी ओळखायची ते दाखवलं. एक आई विमानतळावर सूचना द्यायची; तिने त्याच आवाजात हजेरी घेतली, तर एरवी कधीच उत्तर न देणारा मुलगाही ‘हजर’ म्हणाला. आता बटणच्या आईची पाळी होती. फॉर्मवर लिहिलं होतं: ‘आपण वर्गाला काय शिकवू शकाल?’ आणि त्याखाली बारीक अक्षरात एक चौकोन होता: ‘जमणार नाही.’

तिने पेन त्या चौकोनावर टेकवलंच होतं. पण बटण खांद्यावरून बघत होती.

“त्यात कुणीच खूण केली नाही,” बटण म्हणाली. “एकाही आईने.”

आईने पेन उचललं. समोर साप्ताहिकाचा अंक उघडा होता. बाळाला पाजताना ती त्यातली क्रमशः कादंबरी वाचायची, आणि बटणला मोठ्याने वाचून दाखवायची. कादंबरीत एका बंदरावरचा म्हातारा अत्तरवाला होता. त्याने आयुष्यात एकच अत्तर मनापासून केलं, त्याचं नाव ‘निळी दुपार’. ज्याने ते हुंगलं त्याला आपलं घर आठवायचं. खलाशी हुंगायचे आणि तडक परतीचं जहाज पकडायचे. बटणच्या आईने त्या पानाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि फॉर्मवर लिहून टाकलं: ‘सुगंध तयार करणे.’

लिहून झाल्यावर तिला घाम फुटला. तोवर बटणने फॉर्म दप्तरात घातला होता, आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला सांगून आली होती की माझी आई ‘निळी दुपार’ बनवते, खरीखुरी, आणि ती हुंगली की माणसं घरी जातात. (ही शेवटची गोष्ट ऐकून वर्गात फार उत्साह पसरला होता.)

आता माघार नव्हती. आपलं नाक कापलं गेलं तर गेलं, त्यात नवीन काय. पण त्या एवढ्याशा पोरीचं चाळीस मुलांसमोर हसं झालं तर ते आयुष्यभर आपल्या डोक्यावर, या विचाराने आईची झोप उडाली.

कादंबरीच्या लेखकाने कृती दिली होती, पण लेखकासारखी. संत्र्याची साल, लवंग, वाळलेला गुलाब, मध, दगडावरचं शेवाळ आणि जुन्या होडीचं लाकूड. किती घ्यायचं, कधी घालायचं, काही नाही. वर लिहिलं होतं, ‘आणि मग वाट पाहावी.’ कशाची, ते नाही.

साल, लवंग आणि मध घरातच होते. गुलाब लग्नाच्या अल्बममध्ये सापडला. (तो तिथे भावनेने ठेवलेला नव्हता, फोटो चिकटू नये म्हणून ठेवला होता, तरी काढताना नवऱ्याने एक सुस्कारा टाकला.) शेवाळ इमारतीच्या मागच्या पाइपाखाली हवं तेवढं होतं. ते तिने जुन्या टूथब्रशने खरवडून आणलं, तेव्हा तळमजल्यावरच्या काकांनी खिडकीतून विचारलं की पाइपाचेही दात घासता का. राहता राहिली होडी. चार दिवस ती होडीपाशी अडली. मग एका संध्याकाळी बटण पेन्सिलला टोक करत बसली असताना आईच्या नाकाशी तो वास आला, आणि डोक्यात उजेड पडला. पेन्सिलीचं लाकूड वासाचं असतं, हे तिला सात इयत्ता पेन्सिली चावून पक्कं ठाऊक होतं. बटणने वर्गात जाहीर केलं. दोन दिवसांत चाळीस मुलांनी पेन्सिली अर्ध्यावर आणल्या, आणि डबाभर सालपटं घरी आली.

आणि इथेच घोळ झाला. डबा उघडल्याबरोबर तिच्या मनात आलं, ही सालपटं वर्गातल्या जमिनीवर पडलेली. चाळीस मुलांचे हात. त्यातल्या एकाला तरी खोकला असणार. आणि हे अत्तर त्याच मुलांच्या नाकाशी जायचं.

तिने सगळं प्रेशर कुकरमध्ये घातलं, दोन तांबे पाणी ओतलं आणि वीस मिनिटं उकळलं.

वीस मिनिटांनी शेवाळाची आठवण झाली. पाइपाखालचं शेवाळ, तिथून मांजरं जातात. आणखी वीस मिनिटं. मग गुलाब किती वर्षांचा आहे याचा हिशेब केला. आणखी वीस. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होता. प्रत्येक शिट्टीबरोबर पांढरी वाफ वर जाऊन दोरीवरच्या कपड्यांमधून फिरत होती. सासूबाई बाळाला घेऊन दाराशी आल्या.

“तीन शिट्ट्यांत बटाटे शिजतात,” त्या म्हणाल्या. “हे काय, होडी शिजतेय?”

“आई, जंतू मरायला हवेत ना.”

“जंतू पहिल्या शिट्टीलाच पळाले गं. आता मला पळायची वेळ आलीये.”

तासाभराने तिने ते गाळलं. तपकिरी, पारदर्शक, सुरेख दिसत होतं. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली (उकळून) भरली, बूच लावलं आणि हुंगून पाहिलं. काय वास होता. संत्रं, लवंग, लाकूड, मागे कुठेतरी ओला दगड. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. आपल्या हातून, सातवी पास हातांतून, पुस्तकातली वस्तू बाहेर आली.

(घरातल्या पडद्यांना, उशांना, भिंतींना आणि बाळाच्या टाळूलासुद्धा तोच वास येत होता, आणि अशा घरात रिकामी बाटली हुंगली असती तरी तोच वास आला असता. हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. बहुतेक हेही आठवीत शिकवत असावेत.)

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, नवरा कामावरून विचित्र चेहऱ्याने परतला. तो एका चौदा मजली ऑफिसात लिफ्ट चालवायचा. त्याने सांगितलं की आज दिवसभर माणसं लिफ्टमधून उतरेनात. चौथ्या मजल्यावरचे मोठे साहेब चौदाव्यापर्यंत गेले, परत खाली आले आणि म्हणाले, मला आज आमच्या गावच्या घराचा माळा का आठवतोय? हिशेब खात्यातली एक बाई तर कोपऱ्यात उभं राहून डोळे पुसत होती. नवरा म्हणाला, अकरा वर्षं मी त्या पेटीत उभा आहे. आज पहिल्यांदा लोकांनी माझ्याकडे बघितलं.

बायकोला वाटलं, बाटली भरताना दोन थेंब त्याच्या गणवेशावर उडाले असणार. दोन थेंबांत ही कमाल, तर अख्ख्या बाटलीचं काय होईल? त्या रात्री ती गाढ झोपली.

गुरुवारी बटणचा हात धरून ती शाळेत पोचली. वहीत चार पानं भाषण लिहिलं होतं, फुलांच्या इतिहासावर. चाळीस मुलं हाताची घडी घालून बसली होती. मागे बाईंच्या शेजारी दातांची डॉक्टर आईही होती. तिच्या मुलाने हट्ट करून तिला आणलं होतं. बटणच्या आईने बाटली वर धरली. तिने बूच काढलं आणि पहिल्या बाकावरच्या मुलाच्या नाकाशी बाटली धरली.

त्याने हुंगलं. पुन्हा हुंगलं. “पाणी आहे,” तो म्हणाला.

शेजारच्या मुलीने हुंगलं. “पाणीच आहे. गरम केलेलं.”

आईने बाटली स्वतःच्या नाकाशी नेली. सकाळच्या मोकळ्या हवेत अर्धा तास चालल्याने तिचं नाक आता धुतल्यासारखं स्वच्छ होतं, आणि बाटलीत खरोखरच काही नव्हतं. तासभर उकळून सगळा वास वाफेबरोबर निघून गेला होता. उरलं होतं ते जंतू नसलेलं पाणी. तिने बटणकडे पाहिलं. बटण खाली मान घालून स्वेटरचं वरचं, आठवड्याचं शेवटचं बटण पिरगळत होती. ते तुटून हातात आलं.

आईच्या मनात आलं, त्या चौकोनात खूण केली असती तर.

तेवढ्यात बटणच्या बाकावरचा मुलगा उठला. “बाई, वास बाटलीला नाही, हिला येतो,” तो तक्रारीच्या सुरात म्हणाला. “काल पण येत होता. मला सारखी माझ्या आजोबांची आठवण येते आणि मग माझं गणित चुकतं.”

बाईंनी बटणचा स्वेटर हुंगला. मग आईच्या शालीचं टोक हुंगलं, आणि बराच वेळ सोडलंच नाही. मग म्हणाल्या, रांग लावा.

चाळीस मुलांनी रांग लावली. एकेक जण आईच्या शालीत नाक खुपसायचा, डोळे मिटायचा आणि काय आठवलं ते सांगायचा. कुणाला आजोबांचं कपाट आठवलं, कुणाला जुन्या घराचा जिना, कुणाला दादाची हरवलेली कंपासपेटी. डॉक्टर आईचा मुलगा शेवटी आला. वासातल्या लवंगेपाशी तो थांबला.

“आईसारखा वास,” तो म्हणाला. “ती दवाखान्यातून घरी येते तेव्हाचा.”

मागे बसलेल्या डॉक्टरने पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली, आणि ते बराच वेळ सापडलं नाही.

बटणची मान आता इतकी ताठ झाली होती की छत बघत असावी असं वाटत होतं. मग मुलांनी विचारलं, कसं केलं? आईने भाषणाची वही उघडली आणि मिटली. फुलांच्या इतिहासातलं तिला खरं तर काहीच कळत नव्हतं. उकळण्यातलं मात्र सगळं कळत होतं. तिने सांगायला सुरुवात केली. पाण्याला आधी बारीक बुडबुडे येतात ते खरे नव्हेत, मोठे आले की मोजायला लागायचं. वीस मिनिटं का, पंधरा का नाहीत. वाफ कुठे जाते, कपड्यांत कशी शिरते. मोठं माणूस जवळ असल्याशिवाय शेगडीला हात का लावायचा नाही. अर्धा तास ती न अडखळता बोलली, आणि चाळीस मुलं तोंडाचा आ करून ऐकत होती. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. घरी परतताना तिला रस्ता पुरत नव्हता.

सोमवारी फाटकापाशी डॉक्टर आईने तिला गाठलं. मुलाने घरी जाऊन आजीच्या मागे लागून जबडा पातेल्यात ठेवायला लावला होता, वीस मिनिटं. “चाळीस मुलांनी हाताळलाय, त्यात जंतू असणार, म्हणाला,” डॉक्टर म्हणाली. “एकोणतीस दात सापडले. तीन अजून पातेल्यात आहेत.” बँकेतल्या आईकडे तिजोरीच्या किल्ल्या उकळल्या होत्या. बाकी घरांतून खोडरबर, रिमोट आणि एका आजोबांचा चष्मा अशी बातमी होती.

“पण तुमचा तास छान झाला,” डॉक्टर म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं.

बुधवारी शाळेतून प्रमाणपत्र आलं. जाड कागद, सोनेरी कडा, खाली चाळीस मुलांच्या वेड्यावाकड्या सह्या. बटणने ते घरभर नाचवलं. सासूबाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं: ‘आईचा तास. विषय: उकळणे.’

“सुगंधाचं नाव कुठं दिसत नाही,” त्या म्हणाल्या.

“नसू दे,” सून म्हणाली. आयुष्यातलं तिचं पहिलं प्रमाणपत्र होतं ते. सातवीचा दाखला सोडला तर. ते तिने दोन्ही हातांनी धरून छातीशी लावलं. मग लांब धरून पाहिलं. चाळीस सह्या. चाळीस मुलांचे हात. त्यातल्या एकाला तरी खोकला असणार. तिची नजर हळूच शेगडीकडे गेली, पातेल्याकडे गेली, पुन्हा प्रमाणपत्राकडे आली.

“अगं,” दाराशी बूट काढता काढता नवरा म्हणाला, “ते कागदाचं आहे.”