टीव्हीखालचा कॉम्प्युटर

सत्यजितचं म्हणणं सोपं होतं. गेम खेळायचा कन्सोल घ्या, टीव्हीला जोडा, बटण दाबा. मग दर रविवारी मी नेदरलँड्समधून आणि तुम्ही भोपाळहून, अशी आपण गाड्यांची शर्यत खेळू. नीळकंठराव पांढरीपांड्यांना शर्यत पसंत होती. कन्सोल पसंत नव्हता.

"याचं झाकण कसं उघडायचं?" त्यांनी व्हिडिओ कॉलवर मुलाला विचारलं.

"उघडायचं नसतं, बाबा."

"बिघडला तर?"

"नाही बिघडत."

"असं सांगणाऱ्या सप्लायरचा माल मी कधी पास केला नाही."

हे मात्र खरं होतं. भोपाळच्या सोनागिरी वस्तीला लागून असलेल्या मोठ्या सरकारी कारखान्यात नीळकंठरावांनी सगळी नोकरी तपासणी विभागात काढली. गोविंदपुऱ्यातले छोटे कारखानदार आपला माल त्यांच्या टेबलावर ठेवताना मनातल्या मनात देवाचं नाव घेत. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा ते दुसऱ्यांच्या घरी गेले की कुकरची शिटी आणि दाराच्या बिजागऱ्या बघून येत. स्वतःच्या घरात मनोरमाबाईंच्या पोळ्यांवर त्यांनी कधी शेरा मारला नाही. तेवढं व्यवहारज्ञान त्यांना होतं.

शर्यत त्यांना हवी होती याचं कारण वेगळं होतं. रविवारी सत्यजितचा फोन यायचा. "जेवलास?" "जेवलो." "थंडी?" "आहे." मग "बाकी काय?" आणि "बाकी ठीक," की फोन मनोरमाबाईंच्या हातात. त्यांच्यापाशी कुणाचं लग्न, कुणाचं ऑपरेशन असा माल भरपूर असे. नीळकंठरावांपाशी काहीच नसे. आठवडाभर ते मुलाशी बोलायची वाट बघत आणि फोन हातात आला की त्यांना एक वाक्य सुचत नसे. याचं त्यांना फार वाईट वाटायचं, पण बापानं असलं काही बोलून दाखवायचं नसतं असा त्यांच्या पिढीचा समज होता. शर्यतीचं निमित्त त्यांनी म्हणूनच दोन्ही हातांनी धरलं.

"मी असं करतो," ते म्हणाले, "टीव्हीखाली कॉम्प्युटरच बसवतो. गेम खेळेल, सिनेमा दाखवेल, तुझ्या आईला भजनं ऐकवेल. शिवाय उघडता येतो."

"बाबा, लोक करतात ट्राय. लेकिन सोफ्यावर बसून आरामात खेळायचं तर कन्सोलच सही रहता है."

"लोक करतात ना? मग झालं तर."

कारखान्यातले जुने सोबती नारायणराव घारपुरे मदतीला आले. यंत्रं थंड ठेवणारे पंखे हा त्यांचा हयातभराचा विषय होता. दोघांनी दुकानदाराला प्रत्येक भागाबद्दल इतकं विचारलं की तो हात जोडून म्हणाला, "अंकलजी, गेम ही खेलना है ना?" शेवटी काचेच्या बाजूचं एक काळं खोकं घरी आलं आणि टीव्हीखालच्या शोकेसमध्ये बसलं. तिथल्या कपबशा दिवाणाखाली गेल्या.

आता कारखान्यात कुठलंही यंत्र नुसतं बटण दाबून सुरू होत नसे. पूजा होई, कमिटी बसे, मग चाचणी. त्याप्रमाणे रविवारी मनोरमाबाईंनी शोकेसला हळदकुंकू लावलं, नारायणराव कमिटी म्हणून सोफ्यावर बसले, पेढे वाटले गेले आणि नीळकंठरावांनी बटण दाबलं. टीव्हीवर 'सिग्नल नाही' अशी पाटी आली.

"तुम्ही केबल कुठं लावली?" सत्यजितनं फोनवरून विचारलं.

"मागं."

"मागं कुठं? फोन तिकडे फिरवा. अहो बाबा, ती वरची जागा नाही. खाली ग्राफिक्स कार्ड आहे, त्याला लावायची."

"मग वरची जागा दिलीय कशाला?"

पुढच्या रविवारी चित्र आलं, पण आवाज टीव्हीतून न येता सत्यजितनं पाठवलेल्या रिमोटसारख्या कंट्रोलरच्या पोटातून बारीक येऊ लागला. त्याच्या पुढच्या रविवारी आवाज जागेवर आला आणि कॉम्प्युटरला स्वतःला सुधारून घ्यायची इच्छा झाली. 'कृपया बंद करू नका' असं म्हणून तो संथपणे टक्के मोजत बसला. शोकेसमध्ये धूळ जाऊ नये म्हणून काचेची दारं लावली, तर तो तापून बंद पडला. नारायणरावांनी शोकेसच्या पाठीला भोक पाडून त्यात स्वयंपाकघराचा एग्झॉस्ट पंखा बसवला. पंखा लागला की हॉलमध्ये बोललेलं ऐकू येत नसे आणि मनोरमाबाईंच्या मालिकेतल्या सासूचे नुसते ओठ हलत.

"अहो, हे घर आहे की गिरणी?" त्या म्हणाल्या. "बरं, गाडी पळाली का?"

"पळेल. आधी पाया पक्का हवा."

टक्के सरकेपर्यंत बापलेकांना काही उद्योग नसे. सत्यजित तिकडे फोन ओट्यावर टेकवून भाजी चिरत बसे.

"घेवडा असा जाड चिरतोस?"

"इथं कोण बघतंय, बाबा." मग सुरी खाली ठेवून तो म्हणाला, "बॉस बदललाय. पुराना वाला अच्छा था. नव्याशी जमत नाही. मध्ये वाटलं होतं, सोडून यावं."

"मग?"

"मग काही नाही. किती टक्के झालं?"

"चाळीस. माझ्याशीही एका साहेबाचं जमत नव्हतं," नीळकंठराव म्हणाले, आणि घरात कुणाला कधी न सांगितलेली ती हकिगत शंभर टक्के होईपर्यंत सांगत राहिले. स्वयंपाकघरात मनोरमाबाईंनी गॅस बारीक केला आणि कान दिला.

त्या दिवशी शर्यत एकदाची सुरूही झाली. पण सुरुवातीच्या रेषेवरच पडद्याच्या खालून एक खिडकी उगवली, तिनं कसलीशी परवानगी मागितली, आणि नीळकंठराव सोफ्यावर माउस शोधेपर्यंत त्यांची गाडी उलट तोंड करून भिंतीत शिरली.

"बाबा, बहुत हो गया," सत्यजित म्हणाला. मुलगा मायाळू होता, त्याला बापाचे हाल बघवेनात. त्यानं परस्पर कन्सोल मागवून घरी पाठवला.

नीळकंठराव झाकणाचे स्क्रू काढण्यासाठी पेचकस आणायला गेले तेवढ्यात मनोरमाबाईंनी दोन वायरी लावून तो सुरूही केला. पंखा नाही, पाटी नाही, परवानगी नाही. रविवारी ठरल्या वेळी दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि सुटल्या. बाप आपल्या टीव्हीकडे बघत होता, मुलगा आपल्या. बोलायला फुरसत नव्हती.

"वा बाबा, मस्त चालवता," शेवटी सत्यजित म्हणाला. "चला, जरा बाहेर जायचंय. पुढच्या रविवारी?"

मनोरमाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा टीव्ही बंद होता आणि नीळकंठराव कंट्रोलर हातात धरून बसले होते.

"हरलात का?"

"जिंकलो."

"मग तोंड का असं?"

"लवकर झालं," ते म्हणाले.

पुढचेही रविवार असेच गेले. शर्यत छान होई, आणि संपे. मनोरमाबाईंना मात्र कन्सोल भलताच आवडला. त्यांनी स्वतःच्या नावानं खातं उघडलं, मालिका सोडली आणि दुपारभर गाडी हाकू लागल्या. वळणावर त्या ब्रेक लावत नसत. नारायणराव एकदा येऊन बघून गेले आणि म्हणाले, "वहिनी, मशीन अव्वल आहे." नीळकंठरावांना ते नाकारता येईना. तपासणीत एकही खोट सापडत नव्हती.

एका रविवारी फोन वाजला तेव्हा मनोरमाबाई शर्यतीच्या रेषेवर उभ्या होत्या. "घ्या, तुमची पाळी," म्हणून त्या कंट्रोलर पुढे करू लागल्या. नीळकंठरावांनी हातानंच त्यांना थांबवलं. फोन घेऊन ते टीव्हीकडे पाठ करून बसले.

"सत्या," ते म्हणाले, "तू पाठवलेला डबा बंद पडलाय."

सगळ्या आयुष्यात त्यांनी चांगल्या मालाला नापास केलं ते एवढंच. त्यांचे कान लाल झाले. मनोरमाबाईंनी एकदा नवऱ्याच्या पाठीकडे आणि एकदा आपल्या गाडीकडे पाहिलं, आणि हळूच टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला.

तिकडे सत्यजितसमोर त्याचा टीव्ही सुरू होता. त्यावर आईच्या नावापुढे हिरवा ठिपका होता आणि 'शर्यतीत आहे' असं लिहिलेलं होतं. ते वाचून त्यानं हातातला कंट्रोलर बाजूला ठेवला.

"काहीच दिसत नाही का, बाबा?"

"काहीच नाही."

"मग आता कॉम्प्युटरच लावावा लागेल."

"त्यालाही काहीतरी झालंय," नीळकंठराव घाईनं म्हणाले. "काय ते बघायला हवं. तुला बाहेर जायचं असेल ना?"

सत्यजितनं आपला टीव्ही बंद केला, फोन ओट्यावर टेकवला आणि चहाचं पाणी ठेवलं.

"नाही, वेळ आहे आज," तो म्हणाला. "तुम्ही पेचकस आणा. सगळंच सुटं करून बघू."