गुहेतून आवाज कुणाचा आला?

एवढी तल्लख बुद्धी एकाच डोक्यात मावते कशी, हा प्रश्न मला दाढी करताना नेहमी पडतो. पोटापाण्यासाठी मी सिनेमाच्या स्टुडिओत गेटपास लिहितो, पण ते आपलं वरवरचं. मी जन्मजात गुप्तहेर आहे. माणसाचे नुसते बूट पाहून मी त्याचा व्यवसाय ओळखतो. त्याने तो गेटपासवर आधीच लिहिला असेल, तर हमखास.

माझे सहायक म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं पुस्तकांची बांधणी करून ते निवृत्त झाले आणि घरातल्या डब्याडब्यांत लक्ष घालू लागले, म्हणून बायकोने त्यांना रोज माझ्याबरोबर धाडायला सुरुवात केली. गुन्हेगारी जगताची त्यांना समज बेताचीच. बहुतेक वेळ ते खुर्चीत पेंगतात.

त्या सकाळी दिग्दर्शकांनी मला बोलावून घेतलं. एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीवरचा अद्भुत साहसपट आमच्याकडे आठ महिने चालला होता. राजकन्या, आंधळा राजा, ड्रॅगन, सगळा सरंजाम होता. कादंबरीची प्रत मात्र एकच. तिला खाकी कव्हर घातलेलं होतं आणि ती पटकथाकारांकडे असायची. ते आज वाचायचे आणि उद्याचं लिहायचे.

“शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलंय,” दिग्दर्शक म्हणाले.

मी पुस्तक उघडलं. राजकन्या मशाल घेऊन गुहेच्या तोंडाशी येते. ‘आणि आतून आवाज आला.’ त्याच्यापुढे एकदम पुठ्ठा.

“कुणाचा आवाज?” मी विचारलं.

“ते मला माहीत असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं? उद्या शूटिंग आहे. गुहा तयार, मशाल तयार. आतून बोलायचं कुणी?”

मी भिंग काढलं. पुठ्ठ्यावर तपकिरी डाग होता.

“विष!” मी म्हणालो.

“चहा,” सासरे डोळे न उघडता म्हणाले.

पहिला संशय उंदरांवर. पण उंदीर शेवटच्या पानापासून सुरुवात करत नाहीत, त्यांना एवढी घाई नसते. दुसरा संशय आंधळ्या राजाचं काम करणाऱ्या नटावर. पाचव्या प्रकरणात मरावं लागल्यामुळे तो नाराज होता. पण मुखवट्याच्या मापासाठी त्याचं तोंड आदला दिवसभर प्लास्टरमध्ये होतं. मग माझ्या डोक्यात वीज चमकली. मी सगळ्यांना राजदरबाराच्या सेटवर गोळा केलं.

“ज्याने पान फाडलं, त्याने ते वाचलं असणार,” मी गरजलो. “म्हणजेच, ज्याला शेवट माहीत आहे तो चोर!”

आता गंमत बघा. आठ महिने ही सगळी मंडळी छातीठोकपणे सांगत होती की कादंबरी आम्ही लहानपणीच तीनदा वाचलीय.

“मी आपलं रोजच्यापुरतं वाचतो,” पटकथाकार घाईघाईने म्हणाले. “राजकन्येला भाऊ आहे, हे मला परवा कळलं.”

“मी फक्त माझी वाक्यं वाचतो,” राजा म्हणाला.

“मी कादंबरीचा आत्मा घेतलाय,” दिग्दर्शक म्हणाले. “पानांना हात लावलेला नाही.”

“आवाज ड्रॅगनचा,” मागून कुणीतरी म्हणालं.

त्या शिवणकामाच्या बाई होत्या. राजाचे झगे, ड्रॅगनचं कातडं, सगळं त्यांच्या हातचं. तोंडातल्या टाचण्या काढून त्या म्हणाल्या, “तो आतून म्हणतो, ‘मशाल विझव गं, डोळ्यांवर येते.’ मग दोघांची गट्टी जमते. पुढं तोच तिला पाठीवर बसवून घरी पोचवतो.”

“तुम्हाला हे कसं माहीत?”

“वाचलंय की.”

ही सबब त्या सेटवर कुणालाच पटली नाही. दिग्दर्शकांनी त्यांना सामान आवरायला सांगितलं.

“साहेब, घरात कमावणारी मी एकटी आहे,” बाई म्हणाल्या. “पान फाडून मी काय करू?” त्यांनी कात्री पिशवीत टाकली. मला खरं तर विजयाचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. फार वाईट वाटलं.

“जावईबापू, ते पुस्तक द्या जरा,” सासरे म्हणाले. त्यांनी पुस्तक वाकवलं, शिवणीवरून अंगठा फिरवला. “सोळा सोळा पानांचे फॉर्म, म्हणजे गठ्ठे, एकत्र शिवलेले आहेत. शेवटचाही पुरा आहे. एक पान फाडलं की जोडीचं सुटून हातात येतं. यातलं एकही पान गेलेलं नाही.”

मग त्यांनी खाकी कव्हर काढलं. कण्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘भाग पहिला’. आतल्या पहिल्या पानावरही तेच होतं, पण त्यावर आमच्या भांडारवाल्याने नंबराची चिठ्ठी डकवली होती.

“दुसरा भाग माझ्या घरी आहे,” बाई म्हणाल्या. “कुणी विचारलंच नाही.”

दिग्दर्शक आनंदाने उठले आणि लगेच मटकन खाली बसले. “पण ड्रॅगन तर आपण गुरुवारीच मारला!”

“साहसपट आहे, म्हणून मीच घातला तो प्रसंग,” पटकथाकार जमिनीकडे बघत म्हणाले.

त्या प्रसंगात सेनापतीने ड्रॅगन गळ्यापासून शेपटीपर्यंत खराखुरा उभा चिरला होता. उद्या सकाळी तो धडधाकट हवा होता. सगळे बाईंकडे बघू लागले. बाईंनी पिशवी खांद्यावरून काढली नाही.

“आधी यांनी माफी मागायची,” माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या.

मी माफी मागितली. आरोप सगळ्यांसमोर केला होता, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली, आणि अगदी मनापासून. बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि मोठी सुई ओवली.

“जाड कातड्याला दोन माणसं लागतात. मी बाहेरून सुई घालणार, दुसऱ्याने ती आतून परत ढकलायची. चला, शिरा आत.”

दुपारभर मी ड्रॅगनच्या पोटात बसून होतो. चौथ्यांदा सुई टोचल्यावर मी धीर करून विचारलं, “बाई, घरी पोचल्यावर राजकन्या काय करते हो?”

बाहेर दोरा करकचून ओढला गेला.

“उद्या पुस्तक आणते,” बाई म्हणाल्या. “वाचा.”