मेंढ्याची मुंडी आणि माझी पत

बिनव्याजी, बिनधोक कर्ज कसं काढावं, हे आमच्या कारा-बाल्ता शहरात फक्त मला विचारा! खांबाखांबावर ‘दहा मिनिटांत पैसे’ अशा चिठ्ठ्या डकवणाऱ्यांच्या नादी लागणारा हा कुबात शिंपी नव्हे! बँकेत मात्र माझं नाव काळ्या यादीत आहे. कारण माझा मेहुणा आणि वर्गमित्र एर्निस. त्याने माझ्या नावावर हप्त्याने फोन घेतला आणि दुसऱ्या हप्त्यानंतर तो शब्दच विसरला.

शाळा उघडायच्या आत चाळीस गणवेश द्यायचे होते आणि माझं शिलाई मशीन दर तिसऱ्या टाक्याला खोकत होतं. नव्याला पन्नास हजार सोम! मग आठवली आमच्या शाळासोबत्यांची भिशी. ज्याच्या घरी जेवण, त्याला उचल. पहिली पंगत मीच मागून घेतली.

‘‘जेवण साधंच ठेवा हं,’’ बायको बर्मेत म्हणाली.

‘‘पन्नास हजार उचलायचे आणि नुसता चहा पाजायचा? मेंढा कापू!’’

‘‘आणि मेंढ्याला पैसे?’’

‘‘जुनं मशीन विकतो. परवा नवं येतंयच की!’’

मेंढा झकास शिजला. उकडलेली मुंडी पंगतीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्यापुढे ठेवायची, ही आमची रीत. मी म्हटलं, भिशीची थैली आमच्या वर्गातल्या झिपारच्या हातात, तर मानही तिलाच! दोन्ही हातांनी ताट तिच्यापुढे ठेवलं. तिने ते मागे सारलं.

‘‘मुंडी? मला? म्हणजे इथे सगळ्यात म्हातारी मी?’’

‘‘अगं, तसं नाही...’’

‘‘तुझ्याहून तीन महिन्यांनी लहान आहे मी, कुबात!’’ तिने थैलीची गाठ आवळली. ‘‘पैसे द्यायच्या आधी याची पत बघू या जरा!’’

झालं! बँकेकडे माझा सहा वर्षांचा हिशेब, यांच्याकडे पहिलीपासूनचा!

‘‘चौथीत माझा सायकलचा पंप नेलास. कुठाय?’’

‘‘माझ्या लग्नाचा कोट शिवणार होतास! आता मुलीचं लग्न ठरलंय माझ्या!’’

एर्निस तेवढा गुपचूप हाड चोखत होता.

‘‘एर्निसचं कुणाला काही येणं?’’ झिपारने विचारलं. सगळ्यांनी डोकं खाजवलं. काहीच आठवेना. आठवणार कसं? त्याचं सगळं माझ्या नावावर!

‘‘मग पहिली उचल एर्निसला! कुबातची पाळी शेवटी, दहाव्या महिन्यात. एर्निसला फक्त घरचा एक जामीन लागेल.’’

बर्मेतने माझ्याकडे रोखून बघितलं. ‘‘माझ्या भावाला नाही म्हणणार तुम्ही?’’

केली सही!

आता चाळीसही गणवेश हाताने शिवतोय. बोटांची चाळण झालीये. पण एर्निस अगदीच कृतघ्न नाही हो! भिशीच्या पैशांतून त्याने नवा फोन घेतला आणि ‘‘दाजी, हा तुम्हाला,’’ म्हणत जुना माझ्या हातात ठेवला. मला गहिवरूनच आलं. तेवढ्यात तो वाजला.

बँक होती. हप्त्याचं विचारत होती!