चौतीस उतारूंच्या यानाची अंतर्गत व्यवस्था

माणसाला अंतराळात जाण्यापासून गुरुत्वाकर्षण अडवत नाही, पथारीचा प्रश्न अडवतो. इंधनाचं कुणीतरी बघतं, दिशेचं यंत्र बघतं; पण दमून आलेल्या माणसाने अंग कुठे टाकायचं, याकडे शास्त्राने म्हणावं तसं लक्ष दिलेलं नाही. ही उणीव २०१२ साली मुंबईत डिलाईल रोडवर भरून निघाली. या कार्यात आमच्या ग्रामस्थ मंडळाचा सिंहाचा वाटा असल्यामुळे मंडळाचा सेक्रेटरी या नात्याने मी, जयवंत, हा अहवाल सादर करत आहे.

आंबेकोंड गावच्या आमच्या मंडळाची इथल्या एका चाळीत बारा बाय पंधराची खोली होती. गावातून येऊन गिरणीत लागलेल्या कुणालाही तिथे एक ट्रंक ठेवण्याचा आणि एक पथारी टाकण्याचा हक्क होता. ब्याऐंशीच्या गिरणी संपाच्या आधी आम्ही तिथे चौतीसजण राहत होतो. (पाहुणे वेगळे.) पुढे चाळ पडली आणि टॉवर झाला. त्याच्या खालच्या पाच मजल्यांवर आता मोटारी झोपतात, त्याही एकेकट्या.

आमच्यातला गुणाजी ज्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता, त्या गिरणीच्या विणाईखात्यात आता काचेच्या केबिनींची एक संगणक कंपनी आहे. तिथे त्याचा नातू हेरंब नोकरीला आहे. नातवाला भेटायला गुणाजीला गळ्यात पास घालून जावं लागतं. पास मिळाला की तो आधी आपल्या साच्याच्या जागी जाऊन उभा राहतो. (तिथे कॉफीचं मशीन आहे. तेही मधूनमधून बंद पडतं, पण ते सुरू करायला माणूस लगेच येतो.)

हेरंबकडे काम आलं होतं एका खेळाचं. एका काल्पनिक अंतराळयानाचा आतला भाग संगणकात उभारायचा. खेळणाऱ्याने त्यात फिरावं, दारं उघडावीत, उतारूंना कामाला लावावं. उतारू चौतीस. नकाशात इंजिन ऐसपैस काढून झाल्यावर माणसांसाठी बारा बाय पंधरा फूट उरले होते. (इंजिन काढणाऱ्याला माणसं शेवटीच आठवतात. गिरणीतही हीच पद्धत होती.) कंपनीतल्या तीन तज्ज्ञांनी दोन महिने डोकं खाजवून हे अशक्य असल्याचा लेखी निर्वाळा दिला.

गुणाजीने ते कॉफी संपेपर्यंत सोडवलं. तीन पाळ्या करायच्या. अकराजण कायम कामावर, तेवीसजण खोलीत. ट्रंका भिंतीवरच्या फळीवर, कपडे वलणीवर, कोपऱ्यात मोरी. उठलेल्याची पथारी गार व्हायच्या आत दुसऱ्याने आडवं व्हायचं. हेरंबने हे सगळं जसंच्या तसं बांधलं आणि उतारूंना नावं सुचेनात म्हणून ट्रंकांवर आमचीच नावं घातली. यान इतकं जिवंत दिसलं, की हेरंबच्या साहेब मीनाक्षीमॅडम म्हणाल्या, "वॉव! हा रेफरन्स कुठून मिळवलास तू?"

बातमी गावी पोचली आणि तिसऱ्या दिवशी दत्ताराम एसटीने दाखल झाला. ब्याऐंशीच्या संपात तो आठ दिवसांसाठी म्हणून गावी गेला होता, तो तीस वर्षांनी परत आला. मुंबईत त्याच्या नावाचं काही म्हणजे काहीच उरलं नव्हतं. ही एक ट्रंक सोडून. त्याने पडद्यावर ती बोटाने चाचपली आणि तिथून हलायचं नाव घेईना.

मग चाचणीचा दिवस आला. गुणाजी, दत्ताराम, कुशाबा आणि मी असे आम्ही चौघं पास घालून हजर होतो. मीनाक्षीमॅडमनी इंजिन बंद केलं तर काय होतं ते बघायला इंजिन बंद केलं. कामच न उरल्यामुळे तिन्ही पाळ्यांचे चौतीस उतारू एकदम झोपायला आले. कुणी कुणाच्या छातीवर, कुणी मोरीत. शेवटचा तर दारातच अडकला, आत ना बाहेर. संगणक गपगार.

"बग आहे," मॅडम म्हणाल्या.

"ह्येका बग म्हणतत?" गुणाजी म्हणाला. "आमी ह्येका ब्याऐंशी साल म्हणतंव."

"हेरंब, अकरा उतारू काढून टाक ना. दाराजवळचे काढ, सोपं पडेल."

संपात अकराजणांना गावी धाडताना आमच्या खोलीतही अगदी हाच शास्त्रीय निकष लावला होता. कारभारी होता कुशाबा, आणि दाराजवळची पहिली पथारी होती दत्तारामची.

दत्तारामने हेरंबच्या मनगटावर हात ठेवला. "झिला, माका परत जावचा लागात काय रे?"

हेरंबचं बोट उचलेना. मलाही मान वर करवेना. त्या अकराजणांची यादी तेव्हा माझ्याच अक्षरात लिहिली गेली होती. शेवटी कुशाबा बोलला. तीस वर्षांत या विषयावर तो पहिल्यांदाच बोलत होता. "माझी पथारी खिडकीखाली होती, म्हणून मी यादी केलंय. दाराकडे असतंय तर केली नसती. आता माझा नाव काढ."

मॅडमना हे फार आवडलं. त्यांनी कुणालाच काढलं नाही. इंजिन बंद पडल्यावर कोणते अकरा उतरवायचे, हे खेळणाऱ्यानेच ठरवावं, अशी सोय त्यांनी केली. खेळ तुफान चालला.

पहिल्या महिन्याची आकडेवारी मंडळाच्या दप्तरी आहे. खेळणारे : एक लाख बारा हजार. अकरा माणसं निवडायला लागलेला सरासरी वेळ : चौदा सेकंद. सर्वांत आधी दत्तारामला उतरवणारे : शेकडा अठ्ठ्याऐंशी. कुशाबाला उतरवणारे : तिघं. (त्यांतला एक कुशाबा.) दत्ताराम स्वतःही खेळतो. तो एकालाही उतरवत नाही, त्यामुळे त्याचं यान आजतागायत जागचं हललेलं नाही.

वाचकांबद्दल मात्र मंडळाला पूर्ण खात्री आहे. आपण दत्तारामला उतरवणार नाही. गुणाजीला, कुशाबाला, फार काय, मलाही नाही. आता आपली ओळख झाली. उरलेल्या तीसजणांची नावं मी सांगितली नाहीत, आणि आपणही विचारली नाहीत. उतरवायचे अकराच होते.